लहान्या गप्प असतो तेव्हा

शनिवारी दुपारी जेवणं उरकली की मी कपड्यांच्या कपाटाची दोन्ही दारं उघडते आणि त्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसते. टांगलेल्या साड्या, स्वेटर, जुना रेनकोट आवाज शोषून घेतात आणि खोलीचा घुमारा जातो. पाठीमागे दोरीवर गोधडी. पंखा बंद, फ्रिजही तेवढ्यापुरता बंद. माइकवर एक जुना मोजा ताणून बसवलाय, त्यामुळे 'प' आणि 'फ' फुटत नाहीत. दृष्टिहीन वाचकांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायचं हे काम मी नऊ वर्षं करते आहे. पहिलं वर्षभर मी ते फार घाईनं केलं. शब्द स्वच्छ, उच्चार शुद्ध, एकही ओळ चुकायची नाही, पण घाई.

मग एका श्रोत्यांचा फोन आला. निवृत्त गणित शिक्षक. चाळिशी उलटल्यावर काचबिंदूनं त्यांची दृष्टी गेली. सगळे त्यांना सर म्हणतात, मीही तेच म्हणते. माझं एक पुस्तक ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "तू फार सुंदर वाचतेस गं. पण जरा थांबत जा. मला चित्र जुळवायला वेळ लागतो. तू एक हातात देतेस आणि ते मी धरेपर्यंत दुसरं देतेस."

त्या रात्री मी ओम पुरी ऐकायला बसले. बघायला बसले असं मुद्दामच म्हणत नाही.

कारण ओम पुरी मला भेटला तोच आवाज म्हणून. कराडला आम्ही एका वाड्यात राहायचो, दोन बिऱ्हाडांत एकच भिंत. टीव्ही पलीकडच्या घरात. 1988 साली 'भारत एक खोज' सुरू झालं ते रविवारी सकाळी, आणि रविवार म्हणजे आमच्याकडे न्हाण. आई मागच्या अंगणात पाटावर बसवून शिकेकाईनं केस धुवायची, डोळे गच्च मिटलेले, आणि शेजारच्या खिडकीतून तो आवाज यायचा. मी नऊ वर्षांची होते. हिंदी जेमतेम कळायचं. ऋग्वेद, मौर्य, मुघल यातलं काय डोक्यात शिरलं असेल कोण जाणे, पण तो आवाज शिरला. घोगरा, खाली बसलेला, विहिरीच्या तळाशी कुणी बोलावं तसा. बातम्या देणाऱ्यांसारखा तो समोर उभा राहून बोलत नव्हता. शेजारी बसून, काहीतरी फार जुनं आठवत, सांगू की नको असं करत सांगत होता.

जवाहरलाल नेहरूंनी अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत असताना लिहिलेलं पुस्तक, श्याम बेनेगलांनी केलेली 53 भागांची मालिका, रोशन सेठ नेहरू झालेले. हे सगळं पुढे कळलं. त्याहून पुढे, मोठी झाल्यावर एकदा ते भाग सलग पाहायला मिळाले तेव्हा आणखी एक गोष्ट कळली आणि मी चकित झाले. जो आवाज पडद्याआडून हजारो वर्षांची गोष्ट सांगत होता, त्याच आवाजाचा माणूस पडद्यावर दुर्योधनही होता, अशोकही होता, अल्लाउद्दीन खिलजीही तोच. आणि शिवाजी महाराजांच्या भागात, जिथे नसीरुद्दीन शाह महाराज झाले आहेत, तिथे औरंगजेबही तोच. सूत्रधार म्हणून तो ज्या काळाकडे बाहेरून बघत होता, त्याच काळात आत शिरून तो तख्तावर बसत होता. तरी मला लहानपणी कधी संशय आला नाही. औरंगजेब बोलताना तो आवाज कोरडा होतो, शब्द मोजूनमापून येतात. सूत्रधार बोलतो तेव्हा त्याच गळ्यात ओल असते.

त्या रात्री मी हेडफोन लावून सूत्रधाराचा एकेक उतारा ऐकला आणि कागदावर खुणा केल्या. श्वास कुठे घेतला तिथे टिंब. थांबला कुठे तिथे रेघ. पान भरलं तेव्हा दिसलं, की तो स्वल्पविरामाला थांबतच नाही. वाक्य व्याकरणानं जिथे तुटतं तिथून तो सरळ पुढे जातो. थांबतो ते एखाद्या शब्दानंतर, ज्याचं वजन ऐकणाऱ्याला उचलायचं असतं. तेव्हापासून माझ्या प्रत्येक पुस्तकात पेन्सिलीच्या रेघा असतात.

आता 'आक्रोश'. तो मी पहिल्यांदा पाहिला पुण्यात, कॉलेजच्या दिवसांत, चित्रपट संग्रहालयातल्या एका संध्याकाळी. मी गेले होते त्या आवाजासाठी. रविवारचा तो आवाज आता मोठ्या पडद्यावर, मोठ्या स्पीकरमधून ऐकायला मिळणार म्हणून पुढच्या रांगेत बसले. सुरुवातीलाच रात्रीचा अंधार, चिता, बेड्या घातलेला लहान्या भिकू आपल्या बायकोला अग्नी देतो. मी वाट बघतेय. वकील भास्कर कुलकर्णी तुरुंगात त्याला भेटायला येतो, विनवतो, चिडतो, पुन्हा येतो. लहान्या गप्प. कोर्टात लहान्या गप्प. बाहेर त्याचा बाप, त्याची बहीण, तान्हं मूल. लहान्या गप्पच. बायकोबरोबरचे जुने दिवस दाखवतात तेवढ्यापुरता तो माणसासारखा बोलतो, हसतो, आणि पुन्हा वर्तमानात आलं की ओठ शिवलेले.

माझी पहिली भावना रागाची होती, हे मी प्रामाणिकपणे सांगते. एवढा गळा असलेल्या नटाला कुणी मुका ठेवतं का? पण अर्धा सिनेमा झाला असेल-नसेल, मी त्याच्या मानेकडे बघायला लागले. लहान्याची मान खाली आहे, पण ती लाजलेल्या माणसाची नाही, थकलेल्या माणसाचीही नाही. कोणीतरी मानेवर हात ठेवून दाबून धरलंय आणि तो हात आपल्याला दिसत नाही, अशी ती मान. नजर जमिनीवर, मध्येच वर येते, समोरच्याच्या छातीपर्यंत पोचते आणि परत फिरते. डोळ्यापर्यंत जात नाही. गिळतो तेव्हा कंठमणी हलतो. शब्द तिथपर्यंत आलेला असतो, हे आपल्याला दिसतं. तो तिथून परत आत ढकलला जातो, हेही दिसतं.

विजय तेंडुलकरांनी ती पटकथा लिहिली, गोविंद निहलानींचा तो दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट, साल 1980. सरकारी वकील दुसाने झालेत अमरीश पुरी, नागी झाली आहे स्मिता पाटील. (दोघे पुरी भाऊ-भाऊ असा समज आमच्याकडे घट्ट होता. नात्यानं ते एकमेकांचे कुणी नव्हते.) ओम पुरीला त्या वर्षीचं सहायक अभिनेत्याचं फिल्मफेअर मिळालं. 'सहायक' हा शब्द मला तेव्हाही खटकला होता, अजूनही खटकतो. तो गप्प आहे म्हणून सहायक?

आणि मग शेवट. बाप मेला म्हणून पोलीस त्याला बेड्यांसकट घरी आणतात. अग्नी देताना त्याला दिसतं, की बायकोवर ज्यांची नजर पडली होती त्यांची नजर आता बहिणीवर आहे. कुऱ्हाड उचलतो आणि बहिणीलाच तोडतो. तिला या गावात जगण्यासाठी ठेवायचं नाही, एवढाच निर्णय त्याच्या हातात उरलेला असतो. त्यानंतर तो तोंड वर करून ओरडतो. सबंध सिनेमाभर मी ज्या आवाजाची वाट बघत होते तो हा. त्यात शब्द नाही. पुढच्या रांगेत बसलेल्या मला तो छातीत लागला. मी नंतर किती तरी वेळ लॉ कॉलेज रस्त्यावर चालत राहिले आणि माझ्याबरोबरची मैत्रीणही काही बोलली नाही.

आमच्या मराठीशी या माणसाचा संबंध किती जुना आणि किती आतला आहे, हे हळूहळू उलगडत गेलं. अंबाल्याचा पंजाबी मुलगा. जन्मतारखेची घरी नोंद नव्हती, दसऱ्यानंतर दोन दिवसांनी झालास असं आईनं सांगितलेलं. त्यावरून त्यानं पुढे स्वतःच हिशेब करून 18 ऑक्टोबर 1950 ही तारीख धरली. घरची गरिबी इतकी, की खेळायच्या वयात चहाच्या टपरीवर काम केलं. मग दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय, इब्राहिम अल्काझींच्या हाताखाली, वर्गात नसीरुद्दीन शाह. आणि तिथून पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट. त्याचा पहिला चित्रपट मराठी आहे, 1976 चा 'घाशीराम कोतवाल'. इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या मुलांनी मिळून तेंडुलकरांच्या नाटकावरून केलेला. मोहन आगाशे नाना फडणवीस आणि ओम पुरी घाशीराम.

मला या निवडीचं नवल वाटत आलंय. घाशीराम कोण? उत्तरेकडून पोटासाठी पुण्यात आलेला, इथल्या लोकांनी धुडकावलेला, चोर म्हणून बडवलेला परका माणूस. आणि ती भूमिका कुणाकडे, तर उत्तरेकडून नुकताच पुण्यात आलेल्या, चेहऱ्यावर देवीचे व्रण असलेल्या, सिनेमाच्या धंद्यात हा चेहरा कोण घेणार अशी शंका ज्याच्याबद्दल कुणीही काढली असती अशा मुलाकडे. पुढे मुंबईत त्यानं 'मजमा' ही नाटकमंडळी उभी केली, तेव्हाही गो. पु. देशपांड्यांचं 'उद्ध्वस्त धर्मशाळा' हिंदीत केलं. 'पार्टी' हा चित्रपट महेश एलकुंचवारांच्या नाटकावरून. 'आघात' पुन्हा तेंडुलकर. त्याच्या तोंडी आलेल्या हिंदीच्या मुळाशी पुष्कळदा मराठी कागद होता.

'अर्धसत्य' तर जवळजवळ सगळाच आपला. श्री. दा. पानवलकरांची 'सूर्य' ही कथा, तेंडुलकरांची पटकथा, दिलीप चित्र्यांची कविता, रामा शेट्टी झालेले सदाशिव अमरापूरकर, आणि ज्याच्याभोवती हे सगळं फिरतं तो सब-इन्स्पेक्टर अनंत वेलणकर. 1983 सालचा हा चित्रपट माझ्या पिढीनं टीव्हीवर पाहिला, वडिलांच्या शेजारी बसून, आणि वडील मध्येच उठून गच्चीवर गेलेले पाहिले.

त्यातला तो कवितेचा प्रसंग मी किती वेळा पाहिलाय याची गणती नाही. ज्योत्स्ना गोखले, म्हणजे स्मिता पाटील, प्राध्यापिका. तिच्या पुस्तकातली एक कविता वेलणकर वाचायला घेतो. पोलीस खात्यातला माणूस कविता वाचतोय म्हटल्यावर जशी वाचेल तशीच सुरुवात होते. दुसऱ्याच्या हातातलं पुस्तक सहज घ्यावं, दोन ओळी मोठ्यानं वाचाव्यात, हसून परत द्यावं, तेवढीच तयारी. कविता चक्रव्यूहाबद्दल आहे. पहिल्या ओळी तो पुस्तकाकडे बघून म्हणतो. मग कुठेतरी, आणि ते नेमकं कुठे हे मला पेन्सिल घेऊन बसले तरी पकडता आलेलं नाही, त्या ओळी पुस्तकातल्या राहत नाहीत. आवाज चढत नाही. उलट एकेक पायरी खाली उतरतो. नपुंसकता आणि पौरुष हे दोन शब्द येतात तेव्हा तो ते ठासून म्हणत नाही, तपासणीत डॉक्टर रोगाचं नाव सांगतात तसे म्हणतो. शेवटी तराजूच्या काट्यावर येऊन थांबतो. समोर बसलेल्या स्मिता पाटीलचा चेहराही तोवर उतरलेला असतो. तिनं सहज म्हणून पुढे केलेल्या पुस्तकातून या माणसाला स्वतःची फाइल सापडली आहे.

कविता वाचनाचे कार्यक्रम मी खूप ऐकले. हात वर करून, शब्द खेचून, ओळ दोनदा म्हणून टाळ्या घेणारे. या एका प्रसंगानंतर मला ते ऐकवत नाही.

पण अनंत वेलणकरची सगळी भूमिका त्या एका कवितेत नाही, आणि तसं म्हणणं त्या भूमिकेवर अन्याय होईल. त्यात बाप आहे, हवालदार, आईला मारणारा (अमरीश पुरीच), आणि ते मारणं लहानपणी बघत उभा राहिलेला मुलगा आहे. तो मुलगा मोठा होऊन वर्दी घालतो, जिथे तिथे वरून दाबला जातो, आणि एका रात्री कोठडीतल्या भुरट्या चोरावर तुटून पडतो. चोरी कशाची, तर एका छोट्याशा रेडिओची. तो चोर मरतो. मारताना ओम पुरीच्या तोंडून जे येतं ते वेलणकरचं नाही, ते त्याच्या बापाचं आहे. तीच फेक, तोच सूर. घरात ज्या आवाजाचा त्यानं आयुष्यभर द्वेष केला तोच आवाज त्याच्या गळ्यातून बाहेर पडतो. हे मला विसाव्या वर्षी कळलं नव्हतं. चाळिशीत, एकदा घरी कुणावर तरी ओरडल्यावर माझ्याच तोंडून आजीचा सूर आलेला ऐकला, आणि त्या रात्री 'अर्धसत्य' पुन्हा लावला.

या भूमिकेसाठी त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, कार्लोव्ही व्हारीच्या महोत्सवातही सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरला. आदल्याच वर्षीच्या 'आरोहण'साठी, बंगालमधल्या हरी मोंडल या कूळ-शेतकऱ्याच्या भूमिकेसाठी, एक राष्ट्रीय पुरस्कार आधीच मिळाला होता.

या दोन्हींपेक्षा मला 'सद्गती' जास्त जवळची आहे. प्रेमचंदांची गोष्ट, सत्यजित राय यांनी 1981 मध्ये दूरदर्शनसाठी केलेला छोटा चित्रपट. दुखी चांभार मुलीच्या सोयरिकीचा मुहूर्त काढून घ्यायला पंडिताच्या दारी जातो. पंडिताचं नाव घासीराम, आणि ती भूमिका केलीय मोहन आगाश्यांनी. पाचच वर्षांपूर्वी हेच दोघे नाना आणि घाशीराम म्हणून समोरासमोर होते! दुखी तापातून उठलेला, उपाशी. पंडित त्याला आधी झाडलोट सांगतो, भुसा वाहायला लावतो, मग एक गाठाळ ओंडका फोडायला सांगतो. कुऱ्हाड बोथट.

इथे ओम पुरीचा आवाज ऐका. तो जवळजवळ ओळखू येत नाही. पंडिताशी बोलताना तो समोर पडतच नाही, बाजूला सांडतो. वाक्य सुरू होतं आणि शेवटाला जाईपर्यंत त्यातली हवा निघून जाते, क्रियापद पुटपुटण्यात विरतं. ज्याचं वाक्य कुणीच कधी शेवटपर्यंत ऐकून घेतलेलं नाही, त्या माणसाला वाक्य संपवायची सवयच नसते. हे त्या नटानं कुठून आणलं असेल? मी ग्रामीण भागातल्या बँकेत कॅशच्या काउंटरवर बारा वर्षं बसले आहे. काचेच्या पलीकडून अशी अर्धी वाक्यं मी रोज ऐकली आहेत. "बाई, ते आमचं..." एवढंच, पुढे नुसतं पासबुक सरकवणं. ती माणसं मला 'सद्गती' पाहिल्यावर ऐकू यायला लागली.

आणि मग तो ओंडका. घाव, घाव, घाव. गाठ हलत नाही. ओम पुरीच्या तोंडून शब्द बंद होतात, नुसता श्वास उरतो. त्या घावांची लय आधी कामाची असते, मग रागाची होते, मग राग कुणावर हेही सुटून जातं. शेवटी दुखी कोसळतो. मग पंडित त्याच्या पायाला दोरीचा फास अडकवून प्रेत ओढत नेतो, हात लागू नये म्हणून. स्मिता पाटील इथेही आहे, झुरिया होऊन. तिचं रडणं आणि त्याचं नसणं.

दुखी, लहान्या, 'तमस'मधला डुक्कर मारायला लावलेला नत्थू, 'सुसमन'मधला पोचमपल्लीचा विणकर रामुलू, 'सिटी ऑफ जॉय'मधला कोलकात्यात हातरिक्षा ओढणारा हसारी पाल. एकाच प्रकारची माणसं, असं कुणी म्हणतं तेव्हा मला वाईट वाटतं. गरिबी हा चेहरा नाही. रामुलू आपल्या मागाजवळ बसला की मालक असतो. नत्थू भीतीनं बडबडतो, आपण केलेल्या गोष्टीनं गाव पेटलं हे बायकोपाशी पुन्हा पुन्हा काढतो. 'मिर्च मसाला'तला म्हातारा चौकीदार अबू मियाँ तर यांच्या अगदी उलट, मिरच्यांच्या कारखान्याचं दार लावून एकटा सुभेदारासमोर उभा राहणारा. त्याच्या 'नाही'ला कंप नाही.

विनोदाबद्दल मी थोडक्यात सांगते, कारण 'जाने भी दो यारों'मधला दारू प्यायलेला आहुजा बिल्डर न पाहिलेला माणूस मला अजून भेटायचाय. शवपेटीला बंद पडलेली गाडी समजून आत बसलेल्या प्रेताशी तो ज्या आपुलकीनं बोलतो, त्यात कुठेही 'मी विनोद करतोय' असं नाही. त्याला त्या माणसाला खरोखर मदत करायची आहे. म्हणून हसू येतं.

परदेशातल्या कामांतली एकच भूमिका घेते. 1999 चा 'ईस्ट इज ईस्ट'. 1971 साल, इंग्लंडमधलं सॅलफर्ड, मासे आणि बटाट्याचं दुकान चालवणारा पाकिस्तानी जॉर्ज खान, त्याची इंग्रज बायको एला, सात मुलं. बाहेर भारत-पाकिस्तान युद्धाच्या बातम्या. घरात हा मुलांना आपल्यासारखं करायला बघतोय आणि ती हातून निसटताहेत. तो बायकोला मारतो, मुलांना मारतो, आणि तरीही आपल्याला त्याचा पूर्ण तिरस्कार करता येत नाही. त्याचं इंग्रजी मोडकं आहे, पण तो मोडक्या इंग्रजीतला सम्राट आहे. आणि मग चहा. एला विचारते, चहा घेणार का, आणि तो म्हणतो, अर्धा कप. एवढी मोठी भांडणं, मारझोड, सोडून जायच्या गोष्टी, आणि त्या अर्ध्या कपात हे दोघे पंचवीस वर्षं कसे एकत्र राहिले ते सगळं येतं. या भूमिकेसाठी बाफ्टाच्या सर्वोत्कृष्ट अभिनेत्याच्या नामांकनात तो होता. मला मात्र तो अर्धा कप ऐकला, की अंबाल्याच्या टपरीवर काम करणारं पोर आठवतं.

पुढे तो आवाज पुन्हा एकटा यायला लागला, शरीराशिवाय. 'मिस्टर योगी'त मोहन गोखल्यांना मुली बघायला पाठवणारा खट्याळ सूत्रधार तो आधीच झाला होता. 'गदर'च्या सुरुवातीला फाळणीची गोष्ट सांगणारा तोच. आणि 2016 मध्ये 'जंगल बुक' हिंदीत आला तेव्हा बघीरा. नाना पाटेकर शेरखान, इरफान भालू, आणि ओम पुरी तो काळा बिबळ्या. मी भाचीला घेऊन गेले होते. बघीरा मोगलीला पहिल्यांदा रागावतो तेव्हा मी अंधारात डोळे मिटले. शिकेकाईचा वास आला. तो आवाज तोवर खूप खरखरीत झालेला, वय झालेला, पण थांबण्याच्या जागा त्याच. भाचीनं मला हलवून विचारलं, "आत्या, झोपलीस?"

त्यानंतर वर्षही गेलं नाही. 6 जानेवारी 2017 च्या सकाळी बातमी आली, मुंबईत राहत्या घरी गेला, वय 66. त्या दिवशी काउंटरवर गर्दी होती आणि मला कामातून डोकं वर काढता आलं नाही. रात्री घरी येऊन मी रेडिओ, टीव्ही काहीच लावलं नाही.

हे सगळं मी सरांना कधी सांगितलं नव्हतं. गेल्या पावसाळ्यात त्यांच्याकडे नव्या पुस्तकाचं पेनड्राइव्ह द्यायला गेले, पावसामुळे अडकले, आणि बोलता बोलता ओम पुरीचं नाव निघालं. मी आवाजाबद्दल बोलायला लागले. सरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आवाज तू सांग. मला त्याचे डोळे आठवतात." 'आक्रोश' त्यांनी कोल्हापुरात थिएटरमध्ये पाहिला होता, तेव्हा नोकरीला नुकते लागले होते, दृष्टी शाबूत होती. "इतकी वर्षं झाली, आमच्या हिचा चेहरासुद्धा आता मला पुसट दिसतो," ते म्हणाले. "पण ते डोळे अजून स्वच्छ दिसतात. लावतेस?"

माझ्या लॅपटॉपवर होता. मी लावला. बाहेर पाऊस, काकूंनी चहा आणून ठेवलेला. चितेचा आवाज आला, सरांनी मान हलवली. तुरुंगातला प्रसंग आला, कुलकर्णी बोलतोय, विचारतोय, आणि उत्तराच्या जागी नुसती शांतता.

"आता काय करतोय?" सरांनी विचारलं.

"काही नाही. बसलाय."

"कुठे बघतोय?"

"खाली."

कुलकर्णी पुन्हा विचारतो. पुन्हा शांतता.

"आता?"

मी लगेच सांगणार होते, पण थांबले. लहान्याची नजर वर यायला लागली होती. छातीपर्यंत आली.

"वर बघतोय," मी म्हटलं. "नाही. गेली परत खाली."

सर खुर्चीत पुढे सरकून बसले होते, कान स्क्रीनकडे. चहावर साय धरली होती. त्यांनी पुढचं विचारायच्या आत मी लॅपटॉपचा आवाज थोडा वाढवला.